आमच्या विहिरीतली बांडी दिवड

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं आणि आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. माड पडले. सासऱ्यांच्या हातचा रायवळ आंबा मुळासकट उपटून गोठ्यावर आला. दापोली किनाऱ्यावरच्या केळशी, आंजर्ले, आडे, मुरुड या पट्ट्यात ज्यांची आगरं आहेत त्यांना ते दिवस मी वेगळे सांगायला नकोत. आमच्या वाडीत वीज परत यायला महिन्यावर दिवस गेले. पंप बंद. यांनी माळ्यावरून जुनी कप्पी काढली, तिला खोबरेल पाजलं, काथ्याचा नवा दोर ओवला, आणि मी कळशी घेऊन सकाळ-संध्याकाळ विहिरीवर जायला लागले.

लग्न होऊन आले तेव्हा रोज याच विहिरीचं पाणी ओढत होते. मग पंप आला आणि वीस वर्षं मी तिच्यात वाकून पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी असेल. पाण्यावर झावळ्यांचा, विऱ्यांचा, पानांचा थर तरंगत होता. कळशीने तो बाजूला सारत होते, तर त्या कचऱ्यात दोन डोळे दिसले. काळे, वाटोळे, वर बघणारे. डोकं तेवढं पाण्याबाहेर, बाकी अंग खाली सैल सोडलेलं. मी दोर धरून उभी राहिले आणि ती तिकडून माझ्याकडे बघत राहिली. मग कळशी काठावर आपटली, त्या आवाजाने तिने डोकं आत घेतलं आणि चिऱ्यांच्या सांदीत शिरली. शिरताना शेपूट दिसली. टोक नव्हतं. सुताराने करवतीने कापावं तशी बोथट संपलेली, म्हणजे बांडी.

सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या. घरात येऊन त्यांना सांगितलं तर भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दिवड असेल. विहिरीत असतेच ती. तू तिला काही करू नकोस हो."

मी काही करणार नव्हतेच, पण त्या दिवसापासून पाणी ओढायला जाताना मी चार मिनिटं जास्तीची ठेवायला लागले. वीज आली तरी ती सवय सुटली नाही. आज पाच वर्षं झाली. जे पाहिलं ते तारखेनिशी एका जुन्या हिशेबाच्या वहीत लिहीत आले, आणि मधल्या काळात जे वाचायला मिळालं तेही वाचत गेले. दिवड हा साप आपल्याकडे इतका जागोजाग आहे की त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि जेव्हा बोलतात तेव्हा हातात काठी असते. म्हणून हे लिहितेय.

दिवड किंवा पाणदिवड. घाटावर माझ्या जावेच्या माहेरी हिला विरोळा म्हणतात. पूर्ण वाढलेली दिवड साधारण अडीच-तीन फूट भरते, क्वचित पाच फुटांच्या पुढे गेलेल्याही नोंदल्या आहेत. अंगाचा रंग हिरवट पिवळा किंवा मातकट, आणि त्यावर काळ्या चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटून पालटून मांडलेल्या. पोट पांढरं, चकचकीत. सगळ्यात महत्त्वाची खूण डोळ्यापाशी असते. डोळ्याच्या खालून एक काळी तिरपी रेघ ओठाकडे उतरते आणि डोळ्याच्या मागून दुसरी रेघ जबड्याच्या कोपऱ्याकडे जाते. काजळ घातलेल्या बाळाने डोळा चोळावा आणि ते फराटलं जावं, तसं. या दोन रेघा मनात पक्क्या बसल्या की दिवड लांबूनही ओळखता येते.

पाठीच्या खवल्यांवर मधोमध एक बारीक कणा असतो, होडीच्या तळाला असतो तसा. त्यामुळे अंग धामणीसारखं गुळगुळीत न लागता खरखरीत लागतं. नाकपुड्या वरच्या बाजूला, डोळेही तसेच. सगळं शरीर पाण्याखाली ठेवून श्वास घ्यायची सोय आहे ती.

शास्त्रीय नावात 'पिस्केटर' हा शब्द आहे. १७९९ साली श्नायडर नावाच्या जर्मन अभ्यासकाने दिलेला. पुढे या सापाचं पहिलं, म्हणजे प्रजातीचं नाव तीन-चारदा बदललं, जुन्या पुस्तकांत एक सापडतं, नव्यांत दुसरं, आता 'फाउलिया' म्हणतात. 'पिस्केटर' मात्र दोनशे वर्षांहून जास्त टिकलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मासेमार. हर्णै बंदराच्या शेजारी राहणाऱ्या मला हे नाव वाचून फार बरं वाटलं. (हर्णैवरून आठवलं: जाळ्यातून जे समुद्री साप येतात त्यांची शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते आणि ते विषारी असतात. त्यांची आणि दिवडीची गल्लत करू नका. दिवड मुख्यतः गोड्या पाण्यातली. तिची शेपूट गोल, निमुळती होत जाणारी.)

तर ही आमची मासेमारीण. विहिरीत यांनी डासांसाठी गप्पी मासे सोडले होते, शिवाय बेडूक आहेत. ती शिकार करते ती मात्र बहुतेक वेळा विहिरीबाहेर, शिंपण्याच्या पाटात. पाणी सोडलं की पाटाच्या वळणावर जिथे पानं अडकून डबकं होतं तिथे ती येऊन बसते. मासा आडवा धरते, पाण्याबाहेर काठावर घेऊन येते आणि मग तोंडाकडून गिळते. बेडकाचा मागचा पाय हाती लागला तर तशीच मागून गिळायला सुरुवात करते. विळखे घालून आवळणं नाही, विष टोचणं नाही. जिवंत भक्ष्य तसंच आत जातं. अशा वेळी बेडूक जो आवाज काढतो तो एकदा ऐकला की विसरत नाही. पावसाने फुगलेलं दार हळूहळू ओढावं तसा लांबट, करकरणारा. पावसाळ्यात रात्री आगरातून तो आवाज आला की आता मला समजतं तिथे काय चाललंय. बेडकाचं वाईट वाटतं. पण तीही पोट भरायलाच निघालेली असते.

दिवसाही फिरते, रात्रीही फिरते. वैशाखात पाट कोरडे पडले की दिसेनाशी होते. खेकड्यांच्या बिळात, बांधाच्या कपारीत गारवा धरून राहते. आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की ती परत बाहेर पडते.

वळगणीच्या रात्रीबद्दल सांगायलाच हवं. पहिल्या मोठ्या पावसात ओढे भरून वाहायला लागतात आणि मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने शेतात चढतात. आपल्याकडे त्या रात्री घरटी एक तरी माणूस बॅटरी आणि कोयता घेऊन शेतात असतो. गुडघाभर पाणी, अंधार, बेडकांचा गलका, आणि पायाशी चमकत जाणारे मासे. त्याच पाण्यात, त्याच माशांसाठी दिवडी आलेल्या असतात. एका मेरेच्या फुटीवर मी एकदा चार मोजल्या. ज्या जागी माणूस हात घालतो नेमक्या त्याच जागी त्या तोंड लावून बसतात, कारण मासा तिथूनच जातो हे दोघांनाही माहीत आहे.

आणि तिथेच मारल्या जातात. २०२१ च्या वळगणीला आमच्या खालच्या कोपऱ्यात शेजारच्या एका मुलाने एकीचे कोयत्याने दोन तुकडे केले. "नाग होता, फणा काढून उभा राहिला," असं तो छाती धडधडत सांगत होता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं दिसलं होतं. बॅटरीच्या उजेडात मी ते डोकं पाहिलं. डोळ्याखाली दोन रेघा. शेपूट टोकदार होती, म्हणजे आमची नव्हे. तरी मी मेरेवर बसून रडले. रिकामी घरी आले, त्या वर्षी आम्ही वळगणीचे मासे खाल्ले नाहीत.

त्याला जे दिसलं ते असं. दिवडीला कोंडीत पकडलं की ती पुढचं अंग जमिनीपासून उचलते, मान आणि डोकं चपटं करते आणि जोरात फूत्कारते. पळायला वाट असेल तर ती पळते, वाट नसेल तर हे करते. नागाच्या मानेच्या फासळ्या लांब असतात, त्या पसरून खराखुरा फणा होतो. दिवडीकडे तसल्या फासळ्या नाहीत, ती फक्त मान दाबून रुंद करते. उजेडात फरक कळतो. अंधारात, पाण्यात, भीतीने कळत नाही. जीव वाचवायला ती नागासारखी उभी राहते आणि नागासारखी दिसते म्हणून जीव जातो.

ती चावते. हे लपवून चालणार नाही. नानेटी हाताळली तरी सहसा तितकी चिडत नाही, दिवड मात्र तापट आहे. त्याच वर्षी जुलैत पाटात अडकलेली विरी ओढायला मी न बघता हात घातला आणि अंगठ्याच्या मुळाशी कडकडून चावा बसला. हात झटकला तर ती सुटून पाण्यात गेली. कमानीसारख्या दोन ओळींत बारीक बारीक टोचल्याच्या खुणा होत्या, रक्त बरंच आलं. मी तिचं तोंड नीट पाहिलं होतं, रेघा पाहिल्या होत्या, म्हणून मला भीती नव्हती. पण घरात गोंधळ उडाला. कुणी दोरी आणली, कुणी ब्लेड. मी दोन्ही नको म्हटलं, साबणाने हात धुतला आणि आरोग्य केंद्रात गेले. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि काही तास बसवून ठेवलं. चार दिवस अंगठा ठणकला, मग बरा झाला.

पण माझ्यावरून कुणी घरी बसू नये. कुठला साप चावला याची शंभर टक्के खात्री नसेल तर खुणा मोजत बसायचं नाही, बांधायचं नाही, कापायचं नाही, हात हलवायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. कारण आपल्या जिल्ह्यात भीतीला कारण आहे. चिऱ्याच्या कातळावर फुरसं आहे, घोणस आहे, मण्यार आणि नाग आहेत. दवाखान्यात जे प्रतिविष देतात ते याच चौघांच्या विषावर चालतं. फुरशांची तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात इतकी दहशत होती की इंग्रज सरकार मेलेल्या फुरशामागे बक्षीस देत असे. १८६२ च्या डिसेंबरात ते बक्षीस वाढवलं तेव्हा आठवड्याभरात लाखाहून जास्त फुरशी लोकांनी आणून टाकली. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसले होते. ज्या भागात आजोबा-पणजोबांनी आठवड्यात लाख साप मारले, तिथल्या पोराचा हात कोयत्याकडे गेला तर नवल नाही. त्याच्यावरचा माझा राग त्या दिवशी ओसरला.

सासूबाईंना ही हकिगत सांगितली तर त्यांनी मला रुरूची गोष्ट सांगितली. महाभारताच्या आदिपर्वात आहे ती. रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा साप चावून मरते. तो आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत आणतो आणि मग दिसेल तो साप मारत सुटतो. एक दिवस रानात म्हातारा डुंडुभ दिसतो, डुंडुभ म्हणजे बिनविषारी साप. रुरू काठी उगारतो, तर तो म्हणतो, मी तुझं काय केलंय? माणसांना डसतात ते साप वेगळे. आम्ही नावाचे साप. त्यांचं दुःख आमच्या वाट्याला येतं, सुख मात्र येत नाही. सासूबाईंनी ही गोष्ट त्यांच्या आजीकडून ऐकली होती. मी त्यानंतर ती वाडीतल्या मुलांना सांगत आले आहे, त्या कोयतेवाल्यालाही सांगितली. तो आता कॉलेजात जातो आणि कुणाच्या पडवीत साप निघाला की आधी मला फोटो पाठवतो. दिवडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे हे मी त्याला सांगितलं होतं, पण त्याच्या लक्षात डुंडुभच राहिला.

आता अंडी. ही माझ्या वहीतली सगळ्यात आवडती पानं.

११ फेब्रुवारी २०२२. न्हाणीच्या चुलीला घालायला सोडणं आणायला गेले होते. विहिरीच्या पलीकडे गडग्याला लागून नारळाच्या सोडणांचा जुना ढीग आहे, खालची सोडणं कुजून भुगा झालेला. वरचं दोन हात काढलं आणि खाली ती. वेटोळं घालून, आणि वेटोळ्याच्या आत पांढरट अंड्यांचा घोस, एकमेकांना चिकटलेली. कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नसतात ती, कवच चामड्यासारखं मऊ. वेटोळ्याबाहेर पडलेली शेपूट बोथट होती. म्हणजे आमची बांडी, आणि ती मादी होती हे मला तेव्हा कळलं. ती फूत्कारली नाही, उठली नाही. मी काढलेली सोडणं एकेक करून तशीच परत रचली आणि त्या दिवशी काटक्यांवर पाणी तापवलं.

आपल्याकडचे बरेच साप अंडी घालून निघून जातात. दिवडीची मादी अंड्यांजवळ थांबते. अंडी वीस-तीस-चाळीस असतात, मोठी मादी असेल तर सत्तर-ऐंशीच्या वर गेल्याच्याही नोंदी आहेत. मी रोज लांबून पाहत होते. यांना सांगून ठेवलं होतं की तिकडचं एक सोडण हलवायचं नाही. सगळं आगर आवरायला काढलं होतं तरी तो ढीग राहिला.

एप्रिलच्या मध्याला एका सकाळी पाटाच्या कडेला वीतभरही नसलेलं पिल्लू दिसलं. काळ्या चौकटी आईपेक्षा ठसठशीत, डोळ्याखालच्या रेघा जशाच्या तशा, आणि एवढासा जीव मान चपटी करून माझ्या चपलेवर धावून आला. दोन दिवसांत आठ-दहा दिसली. ढीग शांत झाल्यावर उकरून पाहिला तर त्रेचाळीस कवचं निघाली, प्रत्येकाला चीर गेलेली. त्याच आठवड्यात आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवांची पिल्लं समुद्रात सोडत होते, पुण्या-मुंबईची माणसं पहाटे उठून बघायला आली होती. मीही दर वर्षी जाते. त्या वर्षी गेले नाही, माझ्या पाटावरच बसून राहिले.

त्रेचाळीसमधली किती जगली? फार नाहीत. भारद्वाज रोज गडग्यावर येऊन बसायचा. मुंगूस दिसलं. एक पिल्लू माझ्यासमोर खंड्याने उचललं आणि माडाच्या झावळीवर आपटून आपटून मारलं. पाऊस सुरू झाल्यावर एका डराव बेडकाच्या तोंडातून चौकटीचौकटीची शेपूट वळवळताना पाहिली. हेच पिल्लू मोठं झालं असतं तर त्याने बेडूक खाल्ला असता. वाटेत त्याला बेडकानेच गाठलं.

२०२३ च्या मे महिन्यात विहिरीचं काम निघालं. वरचे चिऱ्यांचे चार थर वादळापासून खिळखिळे झाले होते, ते काढून नवे बसवले आणि गवंड्याने सांदी भरून आतून गुळगुळीत गिलावा केला. काम चांगलं झालं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी वाकून पाहिलं तर बांडी पाण्यात कडेकडेने फिरत होती. भिंतीला तोंड लावायची, हातभर वर चढायची, आणि घसरून पडायची. पुन्हा पुढे जाऊन तेच. दिवड पाण्यातली असली तरी माशासारखी पाण्यातच राहू शकत नाही. तिला श्वास लागतो, ऊन लागतं, टेकायला जागा लागते. पूर्वी प्रत्येक चिऱ्याची सांद तिला पायरीसारखी होती, ती आम्ही बुजवली होती.

यांना हाक मारली. वादळात पडलेल्या पोफळीचं एक खोड गोठ्यामागे होतं, त्याला काथ्या गुंडाळला आणि तिरपं विहिरीत सोडलं, वरचं टोक कठड्याला बांधलं. जाळी घातली त्यातही त्या कोपऱ्यात वीतभर जागा मोकळी ठेवली. संध्याकाळपर्यंत ती वर आली नाही. दुसऱ्या सकाळी विहीर रिकामी होती.

खरं तर तेव्हापासून ती दिसलीच नाही. दोन पावसाळे गेले. पाटात दिवडी दिसत होत्या, पण सगळ्यांच्या शेपट्या टोकदार. सापाची तुटलेली शेपूट पालीसारखी परत येत नाही, त्यामुळे ओळखण्यात चूक व्हायची शक्यता नव्हती. मधल्या काळात सासूबाई गेल्या. शेवटच्या महिन्यात एकदा विचारत होत्या, "ती आहे का गं विहिरीत?" मी आहे म्हटलं.

यंदा पाऊस मेमध्येच लागला. परवा सकाळी फुलं काढायला गेले तर विहिरीतल्या त्या खोडावर, काथ्यात अडकून, कात लोंबत होती. ओलसर, ताजी. हळूच सोडवून घरी आणली आणि ओट्यावर पसरली. कात मोजा उलटा काढावा तशी उलटी निघालेली असते. डोळ्यांवरच्या पारदर्शक झाकण्याही तिच्याबरोबर येतात, त्या दोन भिंगांसारख्या दिसत होत्या. उजेडात धरली तर खवल्यांवरचा तो बारीक कणा दिसला. टेपने मोजली, तीन फूट सात इंच, कात अंगापेक्षा ताणून लांब होते ते धरून. मग शेपटीकडे आले. टोक नव्हतं.

वहीत तारीख लिहिली आणि कात त्याच पानात घडी करून ठेवली आहे.